गार्डनर (सिम्बॉलच्या वेळेतली चूक मोजणारा अल्गोरिदम) लॉक होत नाहीये, टायमिंग रिकव्हरी (रिसीव्हरचा क्लॉक सिम्बॉलशी जुळवणं) डिस्पर्शन कॉम्पेन्सेशनच्या आधी लावू की नंतर?

नंतर. आधी डिस्पर्शन, म्हणजे फायबरमध्ये वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेळी पोचतात तो पसारा, काढा, मग क्लॉकच्या मागे लागा. तुम्ही म्हणताय 32 गिगाबॉडचं (सेकंदाला 32 अब्ज सिम्बॉल) क्यूपीएसके आहे (चार फेजमध्ये माहिती), कोहेरंट रिसीव्हर (फेजसकट प्रकाश मोजणारा), रोलऑफ (स्पेक्ट्रमच्या कडेची जास्तीची रुंदी) 0.1, फायबर नसताना गार्डनर मस्त लॉक होतो आणि 80 किमी फायबर टाकला की लूप भरकटतो. मग लूप फिल्टरचे गेन बदलत बसू नका, दोष तिथे नाहीच.

हिशोब करून बघा ना. साध्या सिंगल मोड फायबरचं 1550 नॅनोमीटरला डिस्पर्शन साधारण 17 पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर प्रति किमी, म्हणजे 80 किमीला 1360. सिग्नल 32 गिगाहर्ट्झचा, म्हणजे जेमतेम 0.26 नॅनोमीटर रुंद. गुणलं की स्पेक्ट्रमच्या दोन कडा पोचण्यात साधारण 350 पिकोसेकंदांचा फरक पडतो, आणि सिम्बॉल तर 31 पिकोसेकंदांचाच, म्हणजे अकरा सिम्बॉल एकमेकांत कालवले गेलेत.

आता गार्डनरला जो क्लॉक टोन (सिम्बॉलच्या वेगाची ठरावीक फ्रिक्वेन्सी) लागतो तो याच दोन कडांच्या गुणाकारातून येतो, रोलऑफचा जो जास्तीचा भाग असतो तिथून. 0.1 रोलऑफला ती पट्टी फक्त 3.2 गिगाहर्ट्झची. 350 पिकोसेकंदांच्या फरकाने त्या पट्टीत फेज एका चक्करपेक्षा थोडी जास्तच फिरते, बेरीज केली की बरंचसं एकमेकांना मारतं आणि टोन खूपच लहान होतो. लूपला पकडायला फारसं काही उरत नाही! ब्लॉक डायग्राममध्ये हा क्रम सगळे काढतात पण असा का ते कुणी नीट सांगत नाही, म्हणून एवढं लिहिलं.

क्लॉकच जुळलेला नसताना डिस्पर्शनचा फिल्टर कसा चालेल, ही तुमची शंका रास्त आहे. पण तो फिल्टर लिनिअर आहे, सिम्बॉलचा मध्य कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही, सिम्बॉलमागे दोन सॅम्पल असले की बास. दोन्हीकडचे क्लॉकचे क्रिस्टल 20 पीपीएमने (दहा लाखात 20) उलट दिशेला सरकलेले धरले तरी एका सिम्बॉलची घसरण व्हायला 25,000 सिम्बॉल जातात, आणि 1000 किमीला सुद्धा डिस्पर्शनचा पसारा 140 सिम्बॉलच्या आसपासच, तेवढ्यात क्लॉक काही हलत नाही.

उलट मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही की फायबर किती लांब आहे ते माहीत नसेल तर हाच टोन कामाला येतो: डिस्पर्शनची किंमत फिरवत न्यायची, टोन जिथे सगळ्यात मोठा तीच खरी किंमत. थोडं उरलंसुरलं पुढचा टू बाय टू इक्वलायझर (दोन पोलरायझेशन वेगळी करणारा फिल्टर) सांभाळून घेतो.

क्रम बदलूनही लॉक झालं नाही तर पहिल्यांदा फिल्टरच्या फेजचं चिन्ह तपासा, ते उलटं पडलं तर 80 किमी काढायच्या ऐवजी अजून 80 घातले जातात. हा फिल्टर एफएफटीने तुकड्यातुकड्यांत लावता तेव्हा ब्लॉकमधला ओव्हरलॅप पण बघा, सिम्बॉलमागे दोन सॅम्पल म्हणजे फिल्टरची रुंदी 64 गिगाहर्ट्झ, त्याच्या पूर्ण पसाऱ्याला 80 किमीला साधारण 45 सॅम्पल हवेत, 1000 किमीला 560. आणि सिम्युलेशनमधलं पीएमडी (दोन पोलरायझेशन वेगवेगळ्या वेळी पोचणं) सध्या बंदच ठेवा, कारण दोन पोलरायझेशनमध्ये अर्ध्या सिम्बॉलचा उशीर आणि 45 अंशाचं मिश्रण झालं की डिस्पर्शन शून्य असतानाही टोन मरतो. रोलऑफ तात्पुरता 0.3 करून एस-कर्व्ह (वेळेच्या चुकीनुसार गार्डनरचं आउटपुट) काढा, डिस्पर्शन नीट निघालं असेल तर स्वच्छ साइन दिसेल.

नाहीच दिसली तर प्लॉट टाका इथे, बघू.