आई नावाचं टपालखातं

उन्हाळा लागला की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, घरात कोणी कोणाशी बोलूनच नाही राहिलं." आणि त्याला जोडून प्रश्न: पोराला आधीच परीक्षेचं टेन्शन, त्यात घरातल्या पैशाच्या अडचणी सांगायच्या कशा?

मग मला नागपूरच्या इतवारीतल्या एका दुकानदाराचं घर आठवतं. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते सर्वांत तापलेले नऊ दिवस, सुरू होता. मुलाचा 'नीट'चा दुसरा प्रयत्न झालेला. उत्तरतालिका पाहून त्याने ७२० पैकी किती पडतील ते मोजलं होतं आणि त्याच रात्री मित्रांच्या ग्रुपमधून बाहेर पडला होता. वडील उशिरा येत, जेवण वेगळं. पहिल्या दोन भेटींत फक्त आई बोलली. "त्याचे बाबा म्हणतात...", "तो म्हणतो, बाबांना सांग..." दोघांचे निरोप पोचवता पोचवता तिलाच रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती.

मरे बोवेन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाचं म्हणणं मला प्रॅक्टिसमध्ये फार वेळा पटलंय: दोघांमधला ताण पेलेनासा झाला की तिसऱ्याला मधे ओढलं जातं. आपल्याकडे ही तिसरी बहुतेकदा आईच.

तिसऱ्या भेटीत मी तिघांनाही बोलावलं आणि आईंना म्हटलं, "आज तुमचं टपालखातं बंद. तुम्ही फक्त ऐकायचं." त्यांनी पदर तोंडाशी धरला.

बराच वेळ कोणी बोललं नाही. अशा वेळी मधे पडायचा मोह मलाही होतोच. वीस वर्षांत तेवढं आवरायला शिकले. शेवटी मुलगा माझ्याकडे पाहत म्हणाला, "हे रात्री दोन वाजता माझ्या खोलीतला कूलर बंद करतात. बिल वाचवून राहिले. एवढाही खर्च करायच्या लायकीचा नाही मी."

वडील गोंधळले. "अरे, कूलर नाही, त्याचा पंप बंद करतो. टाकीतलं पाणी संपते ना तोवर. कोरडा चालला तर जळते तो."

मुलगा गप्प. मग पहिल्यांदा त्याने वडिलांकडे वळून विचारलं, "पण तुम्ही दोन वाजता जागे कसे राहता, बाबा?"

वडिलांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला, पुन्हा काढला. "झोप येऊन नाही राहिली, बेटा. दुकानाचं चार महिन्यांचं भाडं थकलं आहे."

आई काहीतरी बोलायला निघाल्या. मी हात वर केला.

"मला वाटलं, तुम्ही माझ्या मार्कांपायी वेगळे जेवता," मुलगा म्हणाला.

म्हणून 'सांगू की नको' याला माझं उत्तर: सांगा, पण बेताने. अडचण काय आहे, तुम्ही काय करताय आणि त्यात मुलाचा दोष नाही, एवढं पुरे. कर्जाचे आकडे, देणेकऱ्यांचे फोन त्याच्या अंगावर टाकू नका. तुम्ही लपवलंत तर मूल स्वतःच गोष्ट रचतं, आणि त्या गोष्टीतला गुन्हेगार बहुधा तेच असतं. ज्याचं म्हणणं असेल त्याने स्वतः सांगावं.

मित्रांचंही तसंच. सगळ्या ग्रुपला तोंड द्यायची गरज नाही. या मुलाने एकाच मित्राला फोन केला, "मार्क विचारू नको, फुटाळा तलावावर चक्कर मारू" म्हणाला. मित्र आला, त्याने मार्क विचारले नाहीत. मात्र पोर झोप-जेवण सोडून मरणाची भाषा बोलू लागलं, तर मित्राच्या भरवशावर राहू नका. १४४१६ ही टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, लगेच फोन लावा.

जूनमध्ये आई एकट्याच आल्या. दुकान छोट्या गाळ्यात हलवायचं ठरत होतं. संध्याकाळी कूलरमध्ये दोन बादल्या जास्त ओतायचं काम मुलाने स्वतःहून घेतलं होतं.

"काल बापलेक जोरजोरात भांडले, मॅडम, त्या गाळ्यावरून," त्या म्हणाल्या. "मी पोळ्या लाटत होते. गेलीच नाही मधे."