बाजारात गाय, घरी आल्यावर वाघीण

प्रश्न : डॉक्टर, सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडी आणली. इसार देताना इतकी गरीब की माझा सात वर्षांचा पोरगा पाठीवर बसला, मान खाली, खालचा ओठ लोंबलेला. घरी आणली अन् दुसऱ्याच दिवशी खरारा करायला गेलो तर थेट दोन पायांवर उभी! लोक म्हणतात इंजेक्शन मारलेलं होतं. दहा दिवस झालेत, आता रक्तात सापडेल का?
- एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : भाऊ, आता काही सापडायचं नाही. तुम्हीच सांगताय की दुसऱ्या दिवशी उसळली, म्हणजे दिलं असलंच तर झायलाझिन नाहीतर एसप्रोमाझिनसारखं गुंगीचं काहीतरी, पहिल्याची झापड तासाभरात उतरते, दुसऱ्याची काही तासांत, आणि रक्तातून दोन्ही लवकर निघून जातात (लघवीत अंश थोडे जास्त टिकतात, पण दहा दिवस नाही). रिसर्पिन, म्हणजे लांब टिकणारं शांत करायचं औषध, असतं तर कित्येक दिवस सुस्त राहिली असती.

रक्त घ्यायचं असतं ते पैसे मोजायच्या आधी. मानेच्या शिरेतून, हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) दोन नळ्यांत, वर तारीख-वेळ, सीलवर तुमची न् विकणाऱ्या मालकाची दोघांची सही, मग प्लाझ्मा (रक्तातलं पातळ पाणी) वेगळा करून फ्रीझरला. ब्रिटनमध्ये खरेदीच्या तपासणीचं रक्त सहा महिने असंच ठेवतात, भांडण झालं तरच उघडतात, म्हणजे दरवेळी टेस्टचा खर्चही नाही. टेस्ट आधी एलायझा नावाच्या चाचणीने चाळणीसारखी, मग मास स्पेक्ट्रोमीटर या औषध नेमकं ओळखणाऱ्या यंत्रावर पक्की. आणि लॅबला नुसतं ‘नशा आहे का बघा’ लिहून पाठवू नका, कुठल्या गटाची औषधं शोधायची ते डॉक्टरकडून लिहून घ्या, लंगडेपणा झाकायला दिलेलं फेनिलब्युटाझोन हे दुखणं थांबवणारं औषध पण त्यातच बघून घ्या. दिल्लीच्या नॅशनल डोप टेस्टिंग लॅबमध्ये शर्यतीच्या घोड्यांचे नमुने तपासतात, खासगी नमुना घेतात का ते आधी विचारा. आणि औषध सापडलं म्हणजे फसवणूकच असंही नाही बरं का, दातांची टोकं कानसीने घासायला किंवा नाल ठोकायला पण देतात, म्हणून काय औषध दिलंय ते मालकाकडून आधीच लिहून घ्यायचं.

राहिली तुमची घोडी. नवीन जागा, सोबतची जनावरं मागे राहिलेली, त्यानेही बिथरते. खरारा कुठे लागला की उठते ते आधी नीट बघा, खोगिराच्या जागी पाठीवर बोटं दाबून बघा, तिथे सूज नाहीतर जुनी जखम निघाली तर आधी तिचा इलाज करा, खोगीर तोवर खुंटीलाच राहू द्या.