होमवर्कमध्ये मॅट्रिक्सच्या कॉलम स्पेसचा (कॉलमांच्या पटी आणि बेरजांतून मिळणाऱ्या सगळ्या व्हेक्टरांचा) बेसिस, म्हणजे ती स्पेस उभी करायला पुरणारे कमीत कमी व्हेक्टर, काढला, रो रिडक्शन (ओळींवर क्रिया करून मॅट्रिक्स सोपं करणं) बरोबर आहे, तरी मार्क कापले. का?

घोटाळा शेवटच्या पायरीत आहे. तुमच्या मॅट्रिक्सच्या ओळी (१, २, ३), (२, ४, ७), (१, २, ४). रिड्यूस केलं की पिव्हट (ओळीतला पहिला शून्य नसलेला आकडा) पहिल्या आणि तिसऱ्या कॉलममध्ये येतात, इथवर ठीक. पण बेसिससाठी कॉलम उचलायचे ते मूळ मॅट्रिक्समधले: (१, २, १) आणि (३, ७, ४). तुम्ही रिड्यूस झालेल्यातले (१, ०, ०) आणि (०, १, ०) लिहिलेत. रो ऑपरेशन्समध्ये कॉलमांची आपसातली नाती टिकतात, कॉलम स्पेस मात्र बदलू शकते. ताळा करून बघा: मूळ प्रत्येक कॉलममध्ये तिसरा आकडा म्हणजे दुसऱ्यातून पहिला वजा. (१, ०, ०) तिथेच नापास! रो स्पेस (ओळींपासून तशीच बनणारी) विचारली असती तर रिड्यूस झालेल्या, शून्य नसलेल्या ओळी खुशाल चालल्या असत्या. गल्लत होते ती त्यामुळेच.