मणक्यात ‘गॅप’ पडलाय म्हणजे नेमकं काय झालंय?

तुमचं वय ३६, एमआरआयच्या रिपोर्टात ‘एल४-एल५ डिस्क डीजनरेशन’ (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीची झीज) आलंय, घरचे म्हणतात मणक्यात गॅप पडला, आणि तुम्हाला भीती की हे आता वाढतच जाणार. मी डॉक्टर नाही. याच जागच्या गादीने नऊ वर्षांपूर्वी मला तीन आठवडे लोळवलं होतं, तेवढाच माझा अधिकार.

आधी तो ‘गॅप’ डोक्यातून काढा. हा शब्द कुणी रूढ केला देव जाणे, कारण घडतं ते बरोबर उलटं. दोन मणक्यांमधल्या गादीच्या आत पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंचे वेढे. वयानुसार गरातलं पाणी आटतं, गादी बसते, मणक्यांमधली जागा वाढत नाही, कमी होते. मोठेपणी या गादीला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. लगतच्या हाडातून झिरपेल त्यावर तिचं भागतं. म्हणून ती चिरली तर सांधायला वेळ घेते. यात आनुवंशिकतेचा वाटा बराच असतो, तेव्हा सगळा दोष ऑफिसच्या खुर्चीवर टाकू नका.

आता रिपोर्टाबद्दल. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या स्कॅनचे अभ्यास २०१५ साली एकत्र तपासले गेले. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. म्हणजे झीज दिसली म्हणून दुखणं तिचंच, असं होत नाही. रिपोर्टापेक्षा दुखणं कसं वागतं ते बघा.

नुसत्या गादीचं दुखणं कंबरेतच घुटमळतं. फार वेळ बसलं, वाकून बादली उचलली, शिंक आली की कळ येते. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं. महिनोन्महिने गप्प राहतं आणि एखाद्या सकाळी मोजे घालताना कंबर धरते. शीर दबली की मात्र गोष्ट बदलते. कळ कुल्ल्यातून पायात उतरते, मुंग्या येतात. एल४-एल५ला बहुधा एल५ची शीर सापडते, तेव्हा पोटरीच्या बाहेरच्या अंगाने अंगठ्यापर्यंत बधिरपणा जातो. माझा अंगठा इतका ढिला पडला होता की चालताना चप्पल निसटायची, आणि मी आठवडाभर चपलेलाच दोष देत होतो! ऑपरेशन लागलं नाही. गोळ्या, थोडं थोडं चालणं, मग फिजिओथेरपी. पायातली कळ दोनेक महिन्यांत ओसरली. पट्ट्याने आधार वाटला, पण तो कायम बांधून ठेवू नका असं फिजिओने बजावलं होतं.

एका बाबतीत थांबू नका. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत नि बसायच्या जागी बधिर वाटलं, पाऊल उचलेनासं झालं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं हॉस्पिटल गाठा.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहिलीय: दुखणं कंबरेतच थांबतं की पायात उतरतं? खाली लिहा, आणि डॉक्टरांनाही रिपोर्ट पुढे करायच्या आधी हेच सांगा.