सही करायच्या आधी

‘ताई, एक विचारू?’ या सदरातल्या ताई नाशिक जिल्ह्यातल्या एका दुय्यम निबंधक कार्यालयातून निवृत्त झाल्या आहेत. दस्त नोंदवण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली.

प्रश्न : ताई, मी सातपूरला राहते, कंपनीत पॅकिंगला आहे. माहेर निफाड तालुक्यात. वडील माघात गेले, मृत्युपत्र वगैरे काही नाही. चार एकर जमीन, त्यात अडीच एकर द्राक्षबाग, बाकी कांदा. मागे आई, दोन भाऊ आणि मी. मोठ्या भावाचा फोन आला, ‘आधार कार्ड आणि फोटो घेऊन ये, वारस लावायचेत, तुझी नि आईची सही लागेल.’ कागद मागवून पाहिला तर हक्कसोडपत्र! विचारलं तर म्हणतो, तुझ्या लग्नात वडिलांनी काय कमी केलं? शिवाय गोडी छाटणीला (द्राक्षाच्या फळछाटणीला) गावच्या शेती सोसायटीचं कर्ज उचलायचंय, उताऱ्यावर नावं वाढली की अडतं. आई म्हणते, करून टाक सही, नाहीतर माहेर तुटेल. शाळेच्या आधी द्राक्षाचे घड औषधात बुडवायला मीही त्या बागेत उभी राहिलेय. मला काही जमीन विकायची नाही, पण सही करायला हातही धजत नाही.

उत्तर : मग करू नका. भांडूही नका. ‘आधी वारस नोंद होऊ दे, बाकीचं नंतर बसून बोलू,’ एवढंच भावाला सांगा.

वारस लावायला तुम्हाला हक्क सोडावा लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावं असलेलं शपथपत्र जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात). फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. आई, दोघे भाऊ आणि तुम्ही अशी चार नावं सातबाऱ्यावर लागली की वारसाचं काम संपलं. हक्कसोडपत्र हा त्यानंतरचा आणि सर्वस्वी ऐच्छिक दस्त. दोन्ही एकाच दमात उरकायची पद्धत पडली आहे, कारण एकदा बहिणीचं नाव उताऱ्यावर लागलं की ते काढायला सांगताना भावांनाही अवघड वाटतं.

माझ्या टेबलासमोर हे दस्त किती झाले त्याला गणती नाही. बहीण सकाळच्या एस.टी.ने आलेली, नवी साडी, पिशवीत भाच्यांसाठी खाऊ. अंगठा यंत्रावर टेकवायचा, कॅमेऱ्याकडे बघायचं. ‘मजकूर वाचला का? स्वखुशीने देताय ना?’ असं मी विचारलं की ती माझ्याकडे न बघता भावाकडे बघायची. तो म्हणायचा, ‘हो म्हण.’ ती हो म्हणायची. कागदोपत्री ती स्वखुशीच. दस्त झाला की समोरच्या हॉटेलात मिसळ आणि साडीचोळीवर बोळवण. नाशिककर म्हणून मिसळीवर माझा राग नाही, पण एकरभर जमिनीच्या बदल्यात ती महागच पडते.

तुमच्या वाट्याला एकरच येतो. जमीन वडिलांची स्वकष्टार्जित असेल, तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुलगी सगळे सारखे. वडिलोपार्जित असेल, तर 2005 च्या दुरुस्तीने मुलगी मुलासारखीच जन्मापासून हिस्सेदार. महाराष्ट्राने तर 1994 मध्येच तसा कायदा केला होता, पण आधी लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळलं होतं. केंद्राच्या दुरुस्तीत ती अट नाही. वडील 2005 च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क राहतो, हेही सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं. तुमच्या घरात कसाही हिशेब मांडा, चौघांना चौथा-चौथा हिस्सा.

लग्नाचा खर्च हिश्शातून वळता होत नाही. भावांच्या लग्नातला मांडव कुणाच्या पैशाने पडला होता, हे मात्र एकदा हसत हसत विचाराच.

कर्जाचं म्हणणं खोटं नाही. सामाईक नावांच्या जमिनीवर कर्ज घ्यायचं तर बाकीच्यांची संमती मागतात. तर जा ना, संमतीची सही करून या. कर्जाला संमती देणं वेगळं आणि हक्क सोडणं वेगळं. दर वर्षीची कटकट नको असेल तर तहसीलदारांकडून वाटप करून घ्या आणि तुमचा एकर भावालाच कसायला द्या. खंड घ्यायचा की द्राक्षाच्या दोन पेट्यांवर भागवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती आईच्या सहीची. तुम्हाला निदान पगार आहे. आईने हक्क सोडला की ती स्वतःच्याच घरात पाहुणी होते. उद्या सुनेशी पटलं नाही, औषधाला पैसे लागले, तर मागायचे कुणाकडे? तुम्हाला माहेरासाठी काही सोडायचंच असेल तर ते आईच्या नावे सोडा. तिला मात्र काही सोडू देऊ नका.

‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गावाच्या फेरफाराच्या नोटिसा दिसतात, त्यावर लक्ष ठेवा. शपथपत्रातून बहिणींची नावं परस्पर गळतात. तसं दिसलं तर पंधरा दिवसांच्या आत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. नुसत्या नोटरी केलेल्या कागदाने जमिनीवरचा हक्क सुटत नाही. नोंदवलेला दस्त मात्र फिरवायचा तर फसवणूक किंवा दबाव दिवाणी न्यायालयात सिद्ध करावा लागतो, त्यात वर्षं जातात. वकिलाच्या फीची चिंता नको. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 15100 वर फोन केला तरी चालतो.

आणि माहेर तुटण्याचं म्हणाल, तर सही करूनही तुटलेली माहेरं मी पाहिली आहेत.

प्रश्न : मी दिंडोरीचा शेतकरी. माझ्या हयातीतच बायकोच्या नावावर एक एकर करायचंय. मित्र हसतात. कसं करू? *(एक वाचक)*

उत्तर : आपल्याच जिल्ह्यात चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशी यांच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेत अनेक शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली, तेव्हा तुम्ही काही जगावेगळं करत नाही. जमीन स्वकष्टार्जित असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र करा. नवरा-बायकोतल्या शेतजमिनीच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. वडिलोपार्जित असेल तर मुलांचा, म्हणजे मुलींचाही, हिस्सा तुम्हाला देता येणार नाही, म्हणून आधी वाटप करून घ्या. दस्त झाल्यावर फेरफाराचा अर्ज त्याच आठवड्यात द्या, नाहीतर दस्त कपाटात आणि उतारा तुमच्याच नावावर. मित्रांकडे लक्ष देऊ नका. हा अंक वाचून झाला की त्यांच्या घरी पाठवा, त्यांच्या बायकांच्या नावाने.