उपकाराचा पायलट नको

बाळ,

परवा फोनवर तू म्हणालीस, "काका, निदान कुणीतरी यायला तयार आहे, नाही कसं म्हणू?" तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तुझा पायलट, म्हणजे टँडेम या दोघांच्या सायकलवर आपल्यासारख्या नीट न दिसणाऱ्यांच्या पुढे बसून हँडल धरणारा, नोकरीसाठी पुण्याला गेला, जायचाच. आता आपल्या इंदूरच्या पलासियाचे ते सद्गृहस्थ दर रविवारी सेवा म्हणून टँडेमवर पुढे बसतो म्हणतात. माणूस भला असेल. तरी सांगतो, उपकाराचा पायलट नको.

जिद्दीवर मी तुला काही सांगणार नाही. ती नसती तर हे पत्रच लिहिलं नसतं.

मागच्या सीटवर बसणाऱ्याला पायांनी सगळं कळतं. डावीकडची टायमिंग चेन दोघांचे क्रँक, म्हणजे पेडलचे दांडे, एकमेकांना बांधून ठेवते. पुढच्याने पाय सैल सोडला की त्याच क्षणी तुझं पेडल जड होतं, तळव्याच्या पुढच्या भागावर दाब येतो. चोरलहून सिमरोलकडे परतताना, भैरव घाटाच्या चढावर, माझा तेव्हाचा पायलट हमखास पाय सोडायचा आणि गिअर हलका करायचा. "दमला असाल तुम्ही." मी दमलेलो नसायचो. त्याच्या लेखी मी सवारी होतो, रिक्षात बसवून नेतात तशी. कीव पेडलमधूनही पोचते, पोरी!

म्हणून जिंकायची भूक असलेला पायलट शोध. पॅरालिंपिकमध्ये पदक पायलटच्याही गळ्यात पडतं, कारण शर्यत दोघांची असते. स्कॉटलंडचा नील फॅची बघ. २००८ला बीजिंगमध्ये तो धावपटू होता. नंतर टँडेमवर आला. हजार मीटर टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत, लंडन २०१२ला पुढे बार्नी स्टोरी, सुवर्ण. रिओला पीट मिचेल, रौप्य. टोकियोला मॅट रॉदरहॅम, पुन्हा सुवर्ण. तीन वेळा तीन पायलट! आणि तू एक मुलगा पुण्याला गेला म्हणून सायकल विकायच्या गोष्टी करतेस? आयर्लंडच्या केटी-जॉर्ज डनलेव्हीची पायलट ईव्ह मॅक्रिस्टल पोलिसात होती, नोकरी सांभाळून रिओ आणि टोकियोची सुवर्णपदकं घेऊन गेली. पॅरिसला पुढे लिंडा केली बसली, तरी टाइम ट्रायलचं सुवर्ण डनलेव्हीचंच. यातली कुणी सेवेला आलेली नव्हती.

आपल्याकडे २०२४ला पॅरिसमध्ये भारताचे पॅरा-सायकलपटू पहिल्यांदा उतरले, अर्शद शेख आणि आपल्या भंडारा जिल्ह्यातली ज्योती गडेरिया. दोघंही एकेकट्याच्या सायकलवर. टँडेमची जागा अजून रिकामी आहे. ती तुझ्यासाठी राखून ठेवली आहे असं मी म्हणत नाही, पण रिकामी आहे.

मला राष्ट्रीय स्पर्धेला जायचं होतं तेव्हा आयोजकांनी असाच एक दयाळू माणूस गळ्यात मारला. मिळालाय तो घे, म्हणाले. मी नाही गेलो. माज आलाय, आंधळ्याला एवढा तोरा कशाला, असं रामबागेत घरोघरी बोललं गेलं. पुढे वय गेलं आणि ती शर्यत राहिली ती राहिलीच. त्याची हळहळ आहे, रात्री झोप येत नाही तेव्हा जास्तच. पण नकाराबद्दल मला कुणी विचारलं तर आजही तेच उत्तर देईन. त्या माणसामागे बसून मी शेवटचा आलो असतो आणि वर त्याचे आभार मानत बसलो असतो!

तुला थोडं दिसतं म्हणून तू बिचकतेस, ते सोड. टँडेमच्या गटात अजिबात न दिसणारे आणि अंधुक दिसणारे एकत्रच धावतात. बँकेची परीक्षाही दे, जरूर दे. पोट भरलेलं असलं की कुणाचे उपकार घ्यावे लागत नाहीत.

सुपर कॉरिडॉरवर पहाटे रेसिंगची पोरं असतात. राज्याच्या संघात थोडक्यात हुकलेला एखादा हेर. त्याला एकच विचार: तुला पदक हवंय का? "तुम्हाला मदत करायला आवडेल" असं म्हणाला की पुढचा बघ. हो म्हणाला तर तासभर चालवून बघ. खड्डा, वळण, ब्रेक आधी ओरडून सांगतो का? चढावर तुझ्याकडून जोर मागतो का? मागत असेल तर तो तुझा.

त्या सद्गृहस्थांना दुखवू नकोस. टँडेम न्यायला टेम्पो लागतो, पाठीमागून गाडी लागते. करायचंच असेल तर हे करा म्हणावं. पण फोन तू कर. आईला करायला लावू नकोस.

तुझा,
काका