ऐदी की नाकर्ता?

प्रश्न : इंग्रजीतले फेकलेस (feckless) आणि शिफ्टलेस (shiftless), दोन्हीपुढे डिक्शनरीत आळशी, निकम्मा असंच दिलंय. मग फरक काय? शिफ्टलेस म्हणजे ज्याला ड्युटीची शिफ्टच नाही तो, असं मी इतके दिवस समजत होते!

उत्तर : हाहा, नाही हो, ती शिफ्ट वेगळी. पूर्वी इंग्रजीत शिफ्ट म्हणजे युक्ती, काहीतरी खटपट करून वेळ निभावून नेणं. मेकशिफ्ट म्हणजे कामचलाऊ, त्यातली शिफ्ट हीच. १६व्या शतकात शिफ्टलेस म्हणजे ज्याच्याकडे काही उपायच नाही असा बिचारा माणूस, मग त्यातला बिचारेपणा गळून गेला आणि ज्याला उपाय करायचाच नाही असा लोळत पडलेला माणूस उरला.

फेकलेस मूळचा स्कॉटलंडचा. तिकडे इफेक्ट या शब्दाचं तोंड उडालं आणि नुसता फेक राहिला, म्हणून फेकलेस म्हणजे ज्याच्या असण्या-नसण्याने काडीचा इफेक्ट होत नाही तो. (आपल्या फेकाफेकीशी काही नातं नाही, जरी फेकलेस मंडळी फेकण्यात बऱ्यापैकी पटाईत असली तरी.) स्कॉटिश बोलीत उलटा शब्द फेकफुल पण आहे, बाहेर मात्र तो फारसा चालला नाही.

आता समजा नळ गळतोय. शिफ्टलेस माणूस पलंगावरून आवाज ऐकत राहील, खाली बादलीसुद्धा लावणार नाही. फेकलेस माणूस उठेल, आत्ता करतो म्हणेल, पाना घेऊन नळ खोलेल, मग वॉशर चुकीच्या साइजचा निघाला की सगळं तसंच टाकून फोनवर बोलत बसेल आणि तुम्ही विचारलंत की म्हणेल, अगं हो, विसरलोच.

म्हणजे आपल्याकडचा ऐदी तो शिफ्टलेस आणि नाकर्ता तो फेकलेस, मला तरी ही जोडी फिट वाटते. सरकारचा नाकर्तेपणा म्हणतो ना आपण, तसंच इंग्रजीत सरकार, नेतृत्व, धोरण यांना सर्रास फेकलेस म्हणतात, शिफ्टलेस शक्यतो माणसालाच. अर्थात बोलताना लोक सरमिसळ करतातच, बेजबाबदार आळशी नवरा दोन्हीत बसतो.

अजून एक, अमेरिकेत शिफ्टलेस हा शब्द कृष्णवर्णीयांना हिणवायला भरपूर वापरला गेलाय, त्यामुळे तिथल्या कुणाशी बोलताना तो जरा जपून, सरळ लेझी म्हटलं तरी काम भागतं.